विश्लेषण : गुलामगिरीविरुद्धचा धार्मिक युक्तिवाद १६८८ मध्येच तयार होता, मग अमेरिकेत बंदीसाठी १८६५ साल का उजाडावे लागले?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आर्च स्ट्रीटवर क्वेकर पंथीयांचे जुने सभागृह आहे. २००५ मध्ये तिथल्या तिजोरीत एक जीर्ण कागद सापडला. १६८८ साली चौघांनी सही करून दिलेले ते निवेदन होते. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींमध्ये एखाद्या धार्मिक गटाने गुलामगिरीचा केलेला हा पहिला ज्ञात लेखी निषेध मानला जातो. लिहिल्यानंतर तो विसरला गेला, १८४४ मध्ये सापडला आणि पुन्हा हरवला.

गुलामगिरीविरुद्धचे बहुतेक महत्त्वाचे धार्मिक मुद्दे या एका निवेदनात आहेत. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत त्यांत तपशिलांची भर पडली, गाभा मात्र तोच राहिला. तरीही गुलामगिरीवर बंदी घालणारी अमेरिकी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती लागू झाली १८६५ मध्ये, म्हणजे १७७ वर्षांनी. एकच धर्मग्रंथ हातात घेऊन दोन बाजू इतकी वर्षे का भांडत राहिल्या? आणि जिथे बदल झाला, तिथे तो नेमका कशामुळे झाला?

जर्मनटाऊनचे निवेदन काय होते?

पेनसिल्व्हेनिया वसाहतीत फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाऊन हे गाव १६८३ मध्ये वसले. तिथे आलेली पहिली कुटुंबे मुख्यतः क्रेफेल्ड या जर्मन शहरातील होती. धर्मामुळे होणारा जाच टाळण्यासाठी त्यांनी युरोप सोडला होता. यांतील अनेक जण क्वेकर होते. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, असे हा पंथ मानतो. त्यांच्या सभेत पारंपरिक अर्थाने पुरोहित नसतो, युद्धाला त्यांचा विरोध असतो आणि सभेचे निर्णय मतदानाऐवजी सर्वसहमतीने होतात.

गावातील फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस, गॅरेट हेंडरिक्स आणि डेरिक व अब्राहम ऑप डेन ग्राफ हे भाऊ अशा चौघांनी पंथाच्या सभेला हे निवेदन दिले. आजूबाजूचे इंग्रज क्वेकर सर्रास गुलाम बाळगत होते. पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन हे स्वतः क्वेकर होते आणि त्यांच्याकडेही गुलाम होते. म्हणजे निवेदनाचा रोख परक्यांवर नव्हता, आपल्याच सभेत शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांवर होता.

त्यात कोणते मुद्दे मांडले होते?

पहिला मुद्दा येशूच्या सुवर्ण नियमाचा. लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे वाटते, तसे तुम्ही त्यांच्याशी वागा, हा तो नियम. निवेदनकर्त्यांनी तो अगदी व्यवहारात आणला. त्या काळी समुद्रप्रवास करणाऱ्या युरोपीय लोकांना आपले जहाज तुर्क पकडतील आणि आपल्याला गुलाम म्हणून विकतील, अशी धास्ती असे. लांबून एखादे अनोळखी जहाज दिसले तरी प्रवासी घाबरत. तुर्कांनी केले तर ते पाप, मग आपण आफ्रिकी माणसांना विकत घेतो ते वेगळे कसे, असा त्यांचा सवाल होता.

दुसरा मुद्दा चोरीचा. या माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पळवून आणलेले आहे. चोरीचा माल विकत घेणारा चोराइतकाच दोषी असेल, तर चोरलेला माणूस विकत घेणारा निर्दोष कसा? तिसरा मुद्दा कुटुंबाचा. नवऱ्यापासून बायको तोडून दुसऱ्याला देणे म्हणजे व्यभिचाराला भाग पाडणे, आणि व्यभिचार तर दहा आज्ञांमध्ये निषिद्ध. चौथा मुद्दा त्यांच्या स्वतःच्या इतिहासातून आलेला होता. युरोपात श्रद्धेवरून छळ होतो म्हणून आपण इथे आलो आणि इथे कातडीच्या रंगावरून छळ करतो, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

सर्वात धारदार मुद्दा शेवटचा. उद्या या गुलामांनी एकजुटीने बंड केले तर काय, असे त्यांनी विचारले. तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा जितका हक्क आहे, तितकाच त्यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही का? युद्ध निषिद्ध मानणारे क्वेकर त्या वेळी तलवार उपसणार का? गुलाम ठेवायचे तर शस्त्र हाती घ्यायची तयारी ठेवावी लागते, ही गोष्ट त्यांनी पंथाच्या मूळ तत्त्वालाच नेऊन भिडवली.

मग सभेने काय निर्णय घेतला?

आपल्याकडे एखादी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहते, तसेच झाले. मासिक सभेने विषय फार वजनदार असल्याचे सांगत निवेदन तिमाही सभेकडे पाठवले. तिमाही सभेने ते बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेपुढे ठेवले. या विषयाचा संबंध इतर अनेक ठिकाणांशी आहे, त्यामुळे आपण निर्णय देणे योग्य नाही, अशी भूमिका वार्षिक सभेने घेतली आणि कागद बाजूला ठेवला.

निवेदन चुकीचे आहे, असे कोणत्याही सभेने म्हटले नाही. मुद्दे खोडले नाहीत, फक्त निर्णय घेतला नाही. १६९६ मध्ये सभेने आणखी गुलाम आणू नयेत असा सल्ला दिला. तो सल्लाच होता, मोडल्यास शिक्षा काहीच नव्हती. धार्मिक युक्तिवाद आणि धार्मिक नियम यांत किती अंतर असते, याचा हा पहिला धडा म्हणता येईल.

गुलामगिरीचे समर्थक बायबलमध्ये काय वाचत होते?

समर्थकांकडेही संदर्भांची कमतरता नव्हती. अब्राहामासारख्या कुलपुरुषांकडे दासदासी होते. नव्या करारात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश आहे. पौलाने फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात ओनेसिम नावाच्या दासाला धन्याकडे परत पाठवल्याचा उल्लेख आहे. सर्वाधिक वापरली गेली ती ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील नोहाच्या शापाची कथा. नोहाचा मुलगा हाम याच्या वंशाला दास्याचा शाप मिळाला आणि आफ्रिकी लोक त्याचेच वंशज, असा अर्थ त्यातून काढला जाई.

एक अडचण मात्र होती. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवावे का, हा प्रश्न बाप्तिस्मा घेणाऱ्या गुलामांमुळे उभा राहिला. व्हर्जिनिया वसाहतीने तो १६६७ मध्ये कायदा करून मिटवला. बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या स्थितीत काहीही बदल होणार नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. पुढे १७०६ मध्ये बोस्टनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक कॉटन मॅथर यांनी मालकांना आवाहन केले की, गुलामांना धर्मशिक्षण द्या, त्यांनाही आत्मा आहे. पण त्यामुळे त्यांना मुक्त करावे लागेल, असे मॅथर म्हणाले नाहीत. आत्मा समान आणि शरीर मालकाचे, अशी ही सोयीची विभागणी होती.

एका न्यायाधीशाने त्याला काय उत्तर दिले?

सॅम्युअल सिवॉल हे मॅसॅच्युसेट्समधील न्यायाधीश होते. १६९२ च्या सालेममधील कुप्रसिद्ध चेटूक खटल्यांत ते न्यायासनावर होते. निरपराध माणसे फासावर गेली, याबद्दल १६९७ मध्ये त्यांनी चर्चमध्ये सर्वांसमोर पश्चात्ताप व्यक्त केला. त्यानंतर तीन वर्षांनी, १७०० मध्ये त्यांनी ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. न्यू इंग्लंडमध्ये छापली गेलेली ही गुलामगिरीविरोधी पहिली पुस्तिका.

भावांनीच योसेफाला २० रुप्यांना विकले, ही बायबलमधील कथा त्यांनी आधाराला घेतली. सगळी माणसे आदामाची लेकरे, त्यामुळे स्वातंत्र्य हा सर्वांचा समान वारसा आहे, असे त्यांनी मांडले. भावांना योसेफाला विकण्याचा अधिकार नव्हता, मग विकत घेणाऱ्याकडे मालकी आली कुठून? माणूस चोरून विकणाऱ्याला ‘निर्गम’ या पुस्तकात मृत्युदंड सांगितला आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

सिवॉल यांनी विरोधकांचे आक्षेप एकेक करून घेतले. शाप हामला नव्हता, त्याचा मुलगा कनान याला होता आणि आफ्रिकी लोकांना कनानचे वंशज मानता येत नाही, हे त्यांनी दाखवले. गुलाम म्हणून का होईना, ते ख्रिस्ती देशात आले हे भलेच झाले, या युक्तिवादाला त्यांचे उत्तर होते की, चांगले फळ मिळावे म्हणून वाईट कृत्य करता येत नाही.

याला उत्तर आले ते जॉन सॅफिन या न्यायाधीश आणि व्यापाऱ्याकडून, १७०१ मध्ये. ईश्वरानेच जगात उच्च-नीच, धनी-दास अशा पायऱ्या ठेवल्या आहेत, सगळे समान मानले तर ती व्यवस्थाच कोसळेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. सॅफिन यांच्याकडे ॲडम नावाचा गुलाम होता. सात वर्षांनी मुक्त करण्याचे लेखी वचन देऊन त्यांनी ते मोडले होते. ॲडम न्यायालयात गेला आणि १७०३ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळाले.

तरीही सिवॉल यांना मर्यादा होत्या. आफ्रिकी लोक गोऱ्यांच्या समाजात कधीच मिसळू शकणार नाहीत, असे त्यांनी त्याच पुस्तिकेत लिहिले आहे. गुलामगिरी पाप आहे हे त्यांना पटले होते, शेजारी म्हणून समान माणूस पाहणे मात्र त्यांना जमले नाही.

रक्ताचे शिंतोडे उडवणारा बेंजामिन ले कोण?

सभ्य भाषेतील पत्रके निष्प्रभ ठरत असताना बेंजामिन ले यांनी वेगळी वाट धरली. जेमतेम चार फूट उंची, पाठीला पोक, तरुणपणी खलाशी. इंग्लंडमधून ते बार्बाडोसला गेले. तिथे उसाच्या मळ्यांवरील गुलामांची उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १७३२ मध्ये ते पेनसिल्व्हेनियात आले.

१७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेला ते अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून गेले. हातात बायबलसारखे दिसणारे पोकळ पुस्तक होते. आत लाल रसाने भरलेली पिशवी. गुलाम ठेवणे म्हणजे त्या माणसाच्या काळजात तलवार खुपसण्यासारखेच आहे, असे सांगत त्यांनी पुस्तकात तलवार खुपसली. लाल रसाचे शिंतोडे आसपासच्या गुलाममालकांवर उडाले. त्यांना उचलून बाहेर काढण्यात आले. सभेत नसली तरी १६८८ मधली तलवारीची गोष्ट अशी पुन्हा समोर आली. त्याच सुमारास आलेले त्यांचे गुलाममालकांना धर्मभ्रष्ट ठरवणारे पुस्तक बेंजामिन फ्रँकलिन यांच्या छापखान्यात छापले गेले होते, पण मुद्रक म्हणून फ्रँकलिन यांनी आपले नाव घातले नाही.

जॉन वूलमन यांनी काय वेगळे केले?

वूलमन (१७२०-१७७२) हे न्यू जर्सीतील क्वेकर. तरुणपणी ते एका दुकानात कामाला होते. मालकाने एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीचे खरेदीखत लिहायला सांगितले. नोकरीचा प्रश्न होता, त्यांनी ते लिहून दिले. मात्र हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे मालकाला बोलूनही दाखवले. ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नाही. पुढच्या वेळी असा कागद लिहिण्यास त्यांनी नकार दिला. गुलाम वारसाहक्काने मुलांना देणारी मृत्युपत्रेही लिहायचे त्यांनी नाकारले.

१७५४ मध्ये त्यांचा गुलामगिरीवरील निबंध प्रसिद्ध झाला, दुसरा भाग १७६२ मध्ये. गुलामगिरी मालकाच्या आत्म्यालाही पोखरते, यावर त्यांचा भर होता. दुसऱ्याच्या श्रमावर वाढलेली मुले आळशी आणि गर्विष्ठ होतात, हे त्यांनी दक्षिणेकडील प्रवासात पाहिले होते. तिथे गुलाममालकाच्या घरी मुक्काम केला, तर सेवा करणाऱ्या गुलामांना ते पैसे देत किंवा त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी मालकाकडे ठेवत. गुलामांच्या श्रमातून येणारी साखर त्यांनी सोडली, रंगवलेले कपडेही सोडले.

त्यांचा विचार गुलामगिरीपुरता थांबत नाही. गरजेपेक्षा जास्त हवे असण्यातून दुसऱ्याला राबवण्याची गरज निर्माण होते, असे त्यांनी गरिबांच्या बाजूने लिहिलेल्या निबंधात मांडले. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घरातील चैनीच्या वस्तूंचा माग काढत गेलात तर कुठेतरी दडपशाही सापडेल, हा त्यांचा मुद्दा आजच्या मोबाइलच्या जमान्यातही लागू पडेल.

वूलमन एकेका गुलाममालकाच्या घरी जाऊन शांतपणे बोलत. या कामाला १७५८ मध्ये संस्थेचे बळ मिळाले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाममालकांना भेटण्यासाठी समिती नेमली आणि गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कामकाजातून दूर ठेवायचे ठरवले. १७७६ मध्ये पुढचे पाऊल पडले. गुलाम ठेवणाऱ्यांना पंथात स्थान नाही, असा निर्णय झाला. जर्मनटाऊनच्या निवेदनाला ८८ वर्षे झाली होती. त्यातल्या मुद्द्यांना आता नियमाचे बळ मिळाले आणि नियम मोडल्यास किंमत मोजावी लागू लागली.

ज्यांना विकले गेले, त्यांनी काय लिहिले?

आतापर्यंतचे लेखक गोरे होते. गुलामगिरी भोगलेल्यांनी हाच युक्तिवाद हाती घेतला तेव्हा त्याचा सूर बदलला. फिलिस व्हीटली यांना १७६१ मध्ये, वयाच्या साधारण सातव्या वर्षी बोस्टनमध्ये विकण्यात आले. ज्या जहाजातून आणले त्याचेच नाव त्यांना मिळाले. १७७३ मध्ये त्यांचा कवितासंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. गुलाम मुलगी असे लिहू शकते यावर विश्वास बसावा म्हणून बोस्टनमधील १८ प्रतिष्ठितांच्या सह्यांचे प्रमाणपत्र त्याला जोडावे लागले.

१७७४ मध्ये त्यांनी मोहेगन या मूळनिवासी जमातीचे धर्मोपदेशक सॅमसन ऑकम यांना लिहिलेले पत्र वृत्तपत्रांत छापून आले. स्वातंत्र्याची ओढ ईश्वरानेच प्रत्येक माणसाच्या मनात पेरली आहे, असे त्या लिहितात. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्रायली लोकांची आठवण देऊन त्यांनी वसाहतींतील गुलाममालकांना आधुनिक इजिप्तवाले ठरवले. त्या वेळी हेच मालक इंग्लंडच्या राजाविरुद्ध स्वातंत्र्याच्या घोषणा देत होते. याच काळात मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी सरकारकडे अर्ज केले. गुलामगिरीत नवरा-बायकोने एकमेकांप्रति आणि आईबापांनी मुलांप्रति सांगितलेले ख्रिस्ती कर्तव्य पाळायचे तरी कसे, असा प्रश्न त्यांनी केला.

लेम्युएल हेन्स यांचे वडील आफ्रिकी वंशाचे आणि आई गोरी होती. स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी सैनिक म्हणून सेवा केली. १७७६ च्या सुमारास त्यांनी एक निबंध लिहिला. ईश्वराने सर्व राष्ट्रे एकाच रक्तापासून घडवली, हे ‘प्रेषितांची कृत्ये’मधील वचन आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी शेजारी ठेवला. ईश्वराने दिलेला हक्क इंग्रज राजा काढून घेऊ शकत नसेल, तर गोरा मालकही काढून घेऊ शकत नाही. हा निबंध हस्तलिखितातच राहिला आणि १९८३ मध्ये प्रथम छापला गेला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले का?

उत्तरेत बदलले, तेही हळूहळू. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये कायदा केला, पण त्यानंतर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांनाही २८ वर्षांचे होईपर्यंत राबावे लागणार होते. १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य केला आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत रोखता येणार नाही, अशी तरतूद केली.

१७९० मध्ये क्वेकरांनी आणि पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेने काँग्रेसकडे अर्ज दिले. संस्थेच्या अर्जावर अध्यक्ष म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांची सही होती. एके काळी त्यांच्या घरात गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती येत. जॉर्जियाचे प्रतिनिधी जेम्स जॅक्सन यांनी सभागृहात बायबलचा आधार देत गुलामगिरीचे समर्थन केले. फ्रँकलिन यांनी त्यावर उपहासाने लिहिले. अल्जियर्सचा एक काल्पनिक अधिकारी धर्माचा हवाला देत ख्रिस्ती लोकांना गुलाम ठेवणे कसे योग्य आहे हे सांगतो, असा तो लेख होता. जर्मनटाऊनच्या निवेदनातील तुर्कांचा दाखला शंभर वर्षांनी पुन्हा अवतरला. लेखानंतर महिन्याभरातच फ्रँकलिन यांचे निधन झाले आणि काँग्रेसने विषय गुंडाळला.

त्यानंतर नफ्याचे गणित बदलले. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले, कापसाची लागवड झपाट्याने वाढली आणि गुलामांची मागणीही. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ही संख्या साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. मधल्या काळात बायबल बदलले नव्हते. कापसाने पैसा वाढला, तशी समर्थनाची प्रवचनेही वाढली.

हाच युक्तिवाद इतर विषमतांपर्यंत कसा पोहोचला?

१८२९ मध्ये बोस्टनमधील जुन्या कपड्यांचे व्यापारी डेव्हिड वॉकर यांनी कृष्णवर्णीय बांधवांना उद्देशून आवाहन प्रसिद्ध केले. ईश्वर न्यायी आहे, त्यामुळे अत्याचारी राष्ट्राला शिक्षा अटळ आहे, असा त्यांचा रोकडा इशारा होता. खलाशांच्या मदतीने ही पुस्तिका दक्षिणेकडे पोहोचली. घाबरलेल्या राज्यांनी असे साहित्य पसरवण्याविरुद्ध कडक कायदे केले.

पिकॉट या मूळनिवासी जमातीचे मेथडिस्ट धर्मोपदेशक विल्यम एपेस यांनी १८३३ मध्ये गोऱ्या ख्रिस्ती वाचकांपुढे आरसा धरला. जगात बहुसंख्य माणसे गोरी नाहीत, येशू आणि त्याचे शिष्य ज्यू होते, मग गोरी कातडी ही ईश्वराच्या पसंतीची खूण कशी, असे त्यांनी विचारले.

साराह आणि अँजेलिना ग्रिम्के या दक्षिण कॅरोलायनातील गुलाममालक न्यायाधीशाच्या मुली. अँजेलिना यांनी १८३६ मध्ये दक्षिणेतील ख्रिस्ती स्त्रियांना गुलामगिरीविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले. स्त्रियांनी असे जाहीर बोलणे धर्माला धरून नाही, असे मॅसॅच्युसेट्समधील धर्मोपदेशकांनी पत्रक काढून सुनावले. त्यावर साराह यांनी स्त्री-पुरुष समतेवर पत्रे लिहिली, ती १८३८ मध्ये पुस्तकरूपाने आली. स्त्री आणि पुरुष दोघांनाही ईश्वराने आपल्याच प्रतिमेत घडवले, हा त्यांचा पाया होता. गुलामांसाठी वापरलेले माप त्यांनी स्वतःलाही लावले.

विशेष म्हणजे गुलामगिरी सोडलेल्या क्वेकरांच्या काही सभागृहांतही कृष्णवर्णीयांसाठी वेगळा बाक असे. गुलाम मुक्त करणे आणि माणूस म्हणून शेजारी बसवणे या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. पहिली चढलेले अनेक जण दुसरीवर अडखळले.

चर्चमध्ये फूट पडली ती कधी?

१८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट चर्च गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर-दक्षिण असे दुभंगले. त्याच १८४५ मध्ये गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी स्वतंत्र टिपण जोडले. ख्रिस्ताचा धर्म आणि या देशात चाललेला गुलाममालकांचा धर्म या दोन परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, एकाचा मित्र दुसऱ्याचा शत्रूच असला पाहिजे, असे त्यांनी ठामपणे लिहिले. बाप्टिस्टांच्या दक्षिणेतील संघटनेने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे फुटीनंतर दीडशे वर्षांनी.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

पद्धतीत मात्र मोठा फरक आहे. व्हीटली, वूलमन किंवा डग्लस यांनी आपला धर्मग्रंथ समर्थकांच्या हातून परत मिळवण्याचा प्रयत्न केला. फुले यांनी विषमता सांगणाऱ्या ग्रंथांचे प्रामाण्यच नाकारले. सर्व मानवांना समान हक्क देणारा निर्मिक त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात मांडला, ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्माता एक असेल तर माणसामाणसांत जन्माने उच्च-नीच असू शकत नाही, या ठिकाणी दोन्ही वाटा एकत्र येतात.

या साऱ्यातून काय दिसते?

वचने दोन्ही बाजूंकडे होती, त्यामुळे निव्वळ संदर्भांच्या संख्येवर हा वाद सुटणारा नव्हता. फरक पडला तो वाचणारा स्वतःला कुठे उभा करतो यावरून. योसेफाच्या कथेत आपण विकणारे भाऊ आहोत, हे सिवॉल यांनी ओळखले. इजिप्तच्या कथेत आपला देश इजिप्त आहे, हे व्हीटली यांनी दाखवले. समर्थक मात्र प्रत्येक कथेत स्वतःला निवडलेल्यांच्याच जागी पाहत राहिले.

दुसरी गोष्ट किमतीची. १६८८ मधील युक्तिवाद कुणी खोडला नव्हता, तरी तो ८८ वर्षे पडून राहिला, कारण तो मान्य करून काहीच न करण्याची मुभा होती. ती मुभा संपली तेव्हा क्वेकर पंथातील गुलामगिरी संपली. उर्वरित देशात ती संपवायला यादवी युद्ध झाले आणि त्यात सहा लाखांहून अधिक माणसांचा बळी गेला. गुलाम ठेवायचे तर तलवार उपसावी लागेल, हा इशारा जर्मनटाऊनच्या चौघांनी आधीच देऊन ठेवला होता. तो लिहिलेला कागद तेव्हा कुठल्याशा कपाटात पडून होता.